बाईंचा आवाज कसा बंद करावा

३ नोव्हेंबर

प्रिय खटपट्या,

अनेक आशीर्वाद. एवढ्या मोठ्या माणसाला या नावाने हाक मारली म्हणून रुसू नकोस. ज्याने आईचं घड्याळ उघडलं आणि पुन्हा कधी जोडलं नाही, तो टक्कल पडलं तरी माझ्यासाठी खटपट्याच. तुझं पत्र मिळालं. गुडघा जिना चढू देतो आहे हे वाचून बरं वाटलं. विमा कंपनीत दिवसभर फुटलेल्या गाड्यांचे फोटो बघून नुकसान ठरवायचं, हे काम कंटाळवाणं आहे असं तू लिहितोस. मला मात्र हसू आलं. एकेकाळी तू गाड्या फोडायचास, आता त्यांची भरपाई करतोस.

मीही बरी आहे. थंडी पडायला लागली आहे, मफलर दिवसभर गळ्यात असतो. अंगणाच्या नळाला गळती होती, ती एकदाची थांबली. झोप बरी लागते. थकवा आहे, पण या वयात तो भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा असतो, हलत नाही.

तुझा खरा मजकूर शेवटच्या चार ओळींत होता, ही तुझी जुनी सवय. तुमचा तो गाड्या आपटायचा खेळ काही हौशी मंडळी नव्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा उभा करत आहेत, त्यात नवे रस्ते घालत आहेत, आणि त्या रस्त्यांवर त्यांना जुन्याच बाईंचा, म्हणजे माझा, आवाज हवा आहे. 'ताई, थोडी वाक्यं बोलून देशील का?' एवढं लिहून तू लगेच सही ठोकलीस. कागदातून पळून गेल्यासारखी.

मला वाटतं, नको. सध्या घसा बसला आहे. आणि तुझ्या त्या कपाटात शिरायचं आता वय राहिलं नाही. आठवतं? तुझ्या भाड्याच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट, आत चहूबाजूंनी टांगलेल्या रजया, त्यात मी घामाघूम, हातात टॉर्च आणि वाक्यांचा कागद. बाहेरून तू: "ताई, अजून रागाने!" मी म्हणायचे, "अरे, राग आला तर आणीन ना!" आमच्या शाळेतल्या नन बाईंनी आवाज चढवायचा नाही हे इतकं घोटून घेतलं होतं, की शत्रूच्या गाडीचा चुराडा करा हेसुद्धा मी 'कृपया दार लावून घ्या' अशा सुरात म्हणायचे.

एक गंमत सांगते. वरच्या मजल्यावर एक नर्स भाड्याने राहते. अधूनमधून खाली येते, माझ्याकडे बघून जाते. तुझ्या पत्राबद्दल तिला कळलं, तर तिने माझ्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला, आणि लोकांनी त्याबद्दल काय काय लिहिलंय ते पानही उघडून दिलं. "काकू, तुम्ही फेमस आहात, आणि आमच्याकडून भाडं वाढवून मागत नाही?" असं म्हणाली.

मी पानभर मतं वाचली. तू वाचली नसशील, मला माहीत आहे. म्हणून तुझ्यासाठी आपल्या भाषेत उतरवते. एकजण म्हणतो, या खेळातल्या गाड्या चालतात साबणावरून, पण फुटतात मात्र मन लावून. दुसऱ्याचं दुखणं असं की कॉम्प्युटरच्या गाड्या लबाडी करतात, कितीही मागे टाका, दोन वळणांनंतर पुन्हा शेजारी दात काढत हजर. (यात काही खोटं नाही. मलाही सोडत नाहीत.) कुणी लिहिलंय की हल्लीच्या खेळांत गाडी चकचकीत असते आणि धडक दिली तर नुसता ओरखडा उठतो, इथे दार आधी लोंबतं, मग घरंगळत जातं, आणि मागून येणाऱ्याच्या आडवं पडतं. त्या लोंबणाऱ्या दारासाठी तू महिनाभर जेवला नव्हतास. त्याबद्दल एका अनोळखी माणसाने चक्क परिच्छेद लिहिलाय. घड्याळाचा मनोरा पाडून रस्ता अडवायचा, आणि शर्यत सोडून नुसतं ढिगाऱ्याकडे बघत बसायचं, असं करणारेही खूप दिसतात. जिंकायची कुणालाच घाई नाही.

आणि माझ्याबद्दल? सगळ्यात वरचं मत असं: 'पहिलं काम, सेटिंगमध्ये जाऊन बाईंचा आवाज कसा बंद करावा ते शिका.' त्याखाली कुणी उत्तर दिलंय, 'बाईंचा आवाज बंद करणाऱ्यांनी आधी हात वर करून परवानगी मागावी.' मी खूप हसले.

म्हणजे मनातल्या मनात.

तर त्या मंडळींना माझ्यातर्फे नम्र नकार कळव. दुसऱ्या कुणाचा तरी तरुण आवाज बघा म्हणावं. तुझ्या बायकोला आणि मुलांना आशीर्वाद. फोन नको करूस, लाईन सारखी तुटते. पत्रच बरं.

तुझी,
ताई


१४ नोव्हेंबर

प्रिय खटपट्या,

आज आशीर्वाद शेवटी देईन. तुझ्यासारखं चार ओळींपर्यंत थांबवत नाही, आधी सांगून टाकते.

घसा बसलेला नाही. ऑगस्टमध्ये स्वरयंत्रात गाठ निघाली, सप्टेंबरमध्ये ऑपरेशन झालं, आणि स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ पूर्ण गेली, बाकी सगळं स्वच्छ आहे असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा घाबरू नकोस. पण आवाज नाही. तो परत येणार नाही. गळ्याला खाली एक छिद्र आहे, श्वास तिथून चालतो. मफलर त्यासाठी. वरच्या मजल्यावरची ती नर्स 'बघून जाते' म्हणजे ते साफ करून जाते.

परवा तू फोन केलास तेव्हा मी उचलला, आणि उचलल्यावर लक्षात आलं की आता काय करणार? बोटं सवयीने गेली होती. तू म्हणालास, "ताई?" मग, "ताई, ऐकू येतंय का?" मग जरा थांबून, "नकार दिलास, हरकत नाही, पण नीट बोल तरी माझ्याशी. त्या जुन्या गोष्टीचा अजून राग आहे का?" इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते वाक्य तू बोललास, आणि माझ्याजवळ साधा हुंकारही नव्हता.

समोर तो खेळ सुरू होता. सकाळी जरा वेळ बसते मी त्याच्यासमोर. खेळायला नव्हे, ऐकायला. गाडी पार चेचली गेली की मी त्यात म्हणते, 'काही हरकत नाही. पुन्हा एकदा.' हे तुझ्या कागदावर नव्हतं, आठवतं? शाळेत कुणाचं वाक्य अडखळलं की आमच्या नन बाई तसं म्हणायच्या, ते माझ्या तोंडून निघून गेलं आणि तू ठेवून दिलंस. तुझ्या तेव्हाच्या कंपनीचे मालक किती चिडले होते! "शर्यतीत कोण म्हणतं हो, काही हरकत नाही?"

तर मला वाटलं, तुला तेवढं ऐकू जाऊ दे. फोन कॉम्प्युटरच्या तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताने गाडी भिंतीवर घातली. पण अरे, मी आयुष्यभर हळू चालवणारी बाई. धडकसुद्धा हळूच बसली. दिवा तेवढा फुटला. आणि तुझा खेळ हलक्या धडकेला काय बोलायला लावतो मला? 'बस? एवढंच?'

माझ्याच आवाजात, अगदी स्वच्छ उच्चारात.

तू म्हणालास, "समजलं. माझीच फीत मला वाजवून दाखवतेस? थट्टा कर, कर. ठेवतो." आणि ठेवलास. मी कॉम्प्युटर बंद केला, खुर्चीत बसले, आणि कितीतरी वेळ हसावं की रडावं ते कळेना. दोन्हीला आवाज लागत नाही हे त्या दिवशी समजलं.

ऑपरेशनआधी तुला का कळवलं नाही, असं तू विचारशील. मी बरीच कारणं तयार केली होती, गुडघा, नोकरी, मुलांच्या परीक्षा. सगळी खोटी नाहीत. पण खरं कारण असं की तुला कळवायचं तर तुझ्याशी बोलायला हवं होतं, आणि तुमचं ते खेळांचं ऑफिस बंद झालं त्या दिवसापासून आपण दोघं एकमेकांशी फक्त हवापाण्याचं बोलतो.

त्या दिवशी मी तुझं सामान भरायला आले होते. तू तारा गुंडाळत होतास, मी पुस्तकं खोक्यात लावत होते. तुझे मालक दारात टेकून म्हणाले, "खेळ चांगला होता. बहिणीचा आवाज घातलास आणि बुडालास." मासिकांनीही तेच छापलं होतं, शाळामास्तरीण शर्यत घेते म्हणून. मालक गेले. तू तार गुंडाळत राहिलास. मला वाटलं, आता म्हणशील काहीतरी. जाऊ दे ताई, असं म्हटलं असतंस तरी चाललं असतं. गाडीत मी खोकं मांडीवर घेऊन बसले, तू रस्ताभर गप्प. आणि मी ठरवलं की तुलाही तसंच वाटतं.

तू तेव्हा बोलला नाहीस, परवा मी बोलले नाही. फिट्टंफाट झाली असं समज.

पण ते मतांचं पान मी त्या दिवशी पुन्हा उघडलं, आणि यावेळी अगदी तळापर्यंत गेले. खाली एका बाईचं मत आहे. बाई माझ्याहून बरीच लहान असावी. ती लिहिते, 'दिवसभर कॉल सेंटरमध्ये लोकांचा ओरडा ऐकून घरी आले की मी हा खेळ लावते, संगीत बंद, इंजिन बंद, फक्त बाईंचा आवाज चालू ठेवते, आणि गाडी आपटत राहते. चूक झाल्यावर मला 'काही हरकत नाही' असं कुणी म्हणत नाही.' आणि एक बुवा आहेत, त्यांना माझा पुलावरून पडल्यावरचा आवाज हवा असतो. सगळ्या खेळात बाई एकदाच चिडतात असं ते लिहितात, म्हणून शर्यत सोडून पुन्हा पुन्हा पुलावरून गाडी खाली घालतात. त्यांना कोण सांगणार की बाई कशाने चिडल्या होत्या! मी कपाटात, आणि तू बाहेर बाटली फोडून ओरडलास, "ताई, आईची काचेची बरणी गेली!" मी रजयांमधून किंचाळले, 'बघ, काय करून ठेवलंस!' रागावतानाही शाळेतलीच भाषा आली तोंडात. बाहेर येऊन बघते तर बरणी फळीवर सुखरूप, आणि तू पोट धरून लोळतोयस. "मिळाला! राग मिळाला!"

ती बरणी अजून आहे. साखर असते तिच्यात.

मग मला असं वाटायला लागलं की तू गप्प होतास ते माझा आवाज वाईट होता म्हणून नव्हे. मालकांचं ऐकून माझा आवाज काढून टाकणं सोपं होतं, एक बटण होतं. तू काढला नाहीस. नोकरी जायची वेळ आली तरी काढला नाहीस. बोलायचं ते तू आधीच करून बसला होतास, मग वर आणखी काय बोलणार? हे मला कळायला इतकी वर्षं लागली, आणि साबणावरून चालणाऱ्या गाड्यांबद्दल भांडणारी चार अनोळखी माणसं लागली. चुकत असेन तर तसं सांग. पण समोर येऊन सांग.

आता त्या हौशी मंडळींचं. नवी वाक्यं मी देऊ शकत नाही. मला एक यंत्र मिळालं आहे, दाढी करायच्या मशीनएवढं, ते गळ्याला लावून बोलायचं शिकते आहे. आवाज येतो, पण तो माझ्यापेक्षा तुमच्या खेळातल्या ट्रकचा जास्त वाटतो. शिकवणारी मुलगी गोड आहे. माझा शब्द घरघरला की म्हणते, "काकू, परत." मी मनात दुरुस्त करते, अगं, आधी काही हरकत नाही म्हणावं, मग परत.

पण कपाटातल्या चुकलेल्या वाक्यांची एक कॅसेट तू मला गंमत म्हणून दिली होतीस, आठवते का? ती आहे. काल लावून बघितली. चालते. न वापरलेली कितीतरी वाक्यं आहेत तिच्यात, नव्या रस्त्यांना सहज पुरतील. काही ठिकाणी मी हसून हसून बंद पडले आहे, काही ठिकाणी तू. 'ताई, अजून रागाने' तर इतक्यांदा आहे, की त्या मंडळींनी तुलाही खेळात घालावं. मी ती दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा डोळे मिटून. आपल्या दोघांतलं कोण कुठे संपतं ते कळत नव्हतं.

कॅसेट पोस्टाने पाठवणार नाही. पोस्टात चेपते. घ्यायला यावं लागेल.

फोन केलास तर मी पलीकडून बोटाने वाजवीन, एकदा म्हणजे हो. पण फोनपेक्षा ये. मला बघून तोंड वाकडं करू नकोस, मफलर मी नीट बांधून ठेवीन. जेवायला तुझ्या आवडीचं करीन. बोलायचं सगळं काम मात्र तुझं. इतकी वर्षं गप्प राहून साठवलं असशील, ते खर्च कर.

अनेक आशीर्वाद, तुला आणि घरातल्या सगळ्यांना.

आणि एक लक्षात ठेव. दार वाजवलंस आणि आतून नेहमीसारखं 'आले, आले' ऐकू आलं नाही, तर परत फिरू नकोस. थांब जरा. मी येतच असेन.

तुझी,
ताई