कुंपणाबाहेरची जागा आणि नळाची किल्ली

मी, रोझलिन अविती, दिवंगत झेफानिया ओबुया यांची धाकटी मुलगी, वय तीस पूर्ण, मुलींच्या माध्यमिक शाळेत भूगोलाची शिक्षिका, मूळ गाव न्याकोंगो, सध्या राहणार होमा बे येथे भाड्याच्या खोलीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पाठीमागे कोणी उभे नसताना लिहीत आहे. माझ्या हृदयाची एक झडप बिघडली आहे. बुद्धी शाबूत आहे. या दोन गोष्टींची गल्लत माझ्या घरच्यांनी करू नये. तशी त्यांना सवय आहे, म्हणून सांगते.

येत्या सोमवारी नैरोबीत माझी छाती उघडून झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक उठून घरी जातात. जे उठत नाहीत त्यांच्यात मी निघाले तर माझे काय करायचे, हे माझ्या घरी मला न विचारता ठरले आहे. ते मोडण्यासाठी हा लेख आहे.

आमच्याकडे बिनलग्नाची मुलगी मेली तर तिला अंगणात पुरत नाहीत. तिला फाटकातूनही नेत नाहीत. एका बाजूने कुंपण तोडतात, त्या भगदाडातून तिला बाहेर काढतात, बाहेरच्या मातीत ठेवतात आणि कुंपण पुन्हा बुजवतात. हल्ली पुष्कळ घरांनी हे सोडून दिले आहे. आमच्या घरी मात्र युनिया आत्या आहे.

मला तीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी मी केक घेऊन गावी गेले. आत्या आली होती, माझी थोरली बहीण अडोयो आणि तिचा नवरा हेस्बोन ओगुटू हेही आले होते. माझ्या वाढदिवसासाठी एवढी माणसे जमली, असे वाटून मला आनंद झाला. आई ओट्यावर ओमेनाचे बारीक मासे सुपात घेऊन त्यातले खडे निवडत बसली होती.

आत्या म्हणाली, "तिशीच्या पोरीनं मेणबत्त्या लावून काय उजेड पडायचाय? बस इथं. बोलायचंय."

"बोल की."

"सोमवारी काही कमीजास्त झालं, तर तुला ठेवायचं कुठं?"

"कुंपणाबाहेर. तुझाच नियम आहे ना?"

"आणि लोकांनी काय म्हणायचं? झेफानियाची एवढी शिकलेली पोर कुत्र्यागत बाहेर पडलीय? बाहेर पुरलेली पोर घराला सुखानं झोपू देत नाही. त्यापेक्षा हेस्बोन तयार झालाय."

तयार म्हणजे काय ते मला समजावून सांगण्यात आले. मी मेल्यावर दाजी मला दुसरी बायको म्हणून स्वीकारतील, आमच्या घरी एक बैल आणून बांधतील आणि मला नेऊन आपल्या अंगणात धाकट्या बायकोच्या जागी पुरतील. ही जुनी वाट आहे म्हणे. गवत माजून दिसेनाशी झाली होती, ती आत्याने साफ केली.

दाजी हसत होते. "जिवंतपणी कुणालाच हो म्हणाली नाहीस. आता नाही म्हणायला तोंड तर नसेल."

"दाजी, तुमच्या घरात जिवंत बाईलाही तोंड नसतं. मला काय वेगळं वाटणार?"

"मिगोगो!" आत्या ओरडली. नवऱ्याकडून परत आलेल्या बाईला आमच्यात हा शब्द फेकून मारतात.

"आत्या, परत यायला आधी जावं लागतं."

तेव्हा अडोयो बोलली. ती सहसा बोलत नाही. "मला कुणी विचारलं का? जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात. मेलेली अंगणात पडून राहणार, आणि हे जाता-येता तिचंच कौतुक करणार."

"अगं, ती तुझ्या मक्याच्या उगालीत गुठळ्या काढणार नाही," दाजी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले. मग मी केक कापला. चांगला झाला होता. आत्याने दोनदा घेतला.

बाबांनी मला विद्यापीठात पाठवताना अंगणातला बैल विकला होता. आमच्या घरातली पहिली पदवी त्या बैलाची आहे. आता माझ्या प्रेताच्या बदल्यात बैल परत अंगणात येणार होता. आत्याच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसले नाही, नुकसान भरून निघाल्याचे समाधान दिसले.

मी आईला विचारले, "आई, तुझं काय म्हणणं?"

आईने एक खडा बाजूला टाकला. "बाहेर एकटी कशी राहशील? तिथं तुझं आहे कोण?"

या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. खाली दिले आहे.

कलम पहिले : माझा देह. मला हेस्बोन ओगुटू यांच्या अंगणात पुरू नये. त्यांच्याशी माझे लग्न झालेले नाही, आणि माझा श्वास थांबल्यामुळे ते होत नाही. मला माझ्या वडिलांच्या अंगणातही पुरू नये. आता तशी विनंती कोणी केली तरीही नको. मला फाटकासमोर, कुंपणाबाहेर, दानी साबिनाच्या थडग्याशेजारी पुरावे. ती जमिनीची पट्टी आज माझ्या नावावर आहे.

दानी साबिना कोण, हे गावाला ठाऊक आहे, पण वकिलांना ठाऊक नसेल म्हणून लिहिते. आजीच्या वयाच्या बाईला आम्ही दानी म्हणतो. साबिना आमची शेजारीण, विधवा, पोरबाळ नाही. माझ्या आधी आईचे दोन मुलगे गेले. ते दोघे आत, अंगणात आहेत. मी जन्मले तेव्हा मृत्यूला चकवण्यासाठी मला सुपात घालून कुंपणाबाहेर वाटेवर टाकले. आधीच ठरल्याप्रमाणे साबिना तिथून चालली होती. ती मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, कुणी टाकलीय ही? कुणालाच नको असेल तर मी नेते." मग आईने टोपलीभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून मागून आणले. म्हणून माझे नाव अविती, म्हणजे टाकलेली. टाकलेल्या पोराचा मृत्यूला हेवा वाटत नाही, असा समज आहे. मृत्यूला नसेल वाटत. पण बाकीच्यांना ते नाव खरे वाटू लागते.

साबिना मला चिडवायची, "तुझ्या आईला मी तुला दिलेली नाही हं. उसनी दिलीय. साखर देतात तशी." मरताना तिने ती पट्टी माझ्या नावावर केली. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि मला तिचे काय करावे ते कळत नव्हते.

तर आई, तिथे माझे कोण आहे, असे तू विचारलेस. जिने मला उचलले ती आहे.

कलम दुसरे : पट्टी आणि नळ. वकिलांनी मला सांगितले की आपल्या प्रेताचे काय व्हावे हे मृत माणसाला ठरवता येत नाही, लोक त्याची इच्छा मानतात किंवा मानत नाहीत. पण मालमत्तेला अट घालता येते. म्हणून या प्रकरणात मी नळाला मध्ये आणले आहे. त्या पट्टीवर मी माझ्या पगारातून कूपनलिका खोदून घेतली, टाकी चढवली, नळ बसवला. आमच्या घरचे पाणी तिथूनच येते. मला कलम पहिल्याप्रमाणे पुरले, तर नळाची किल्ली आणि वापराचा हक्क माझी आई कोन्सोलाता हिच्याकडे राहील. मला दुसरीकडे नेले, तर त्याच दिवसापासून नळ शाळेचा. मग गावातल्या प्रत्येकाला पाणी मिळेल, फक्त आमच्या घराला मिळणार नाही. आत्याने पूर्वीसारखे सरोवरावर जावे. चढ अजून तेवढाच आहे.

कलम तिसरे : युनिया आत्या. मी अठरा वर्षांची झाल्यापासून प्रत्येक वाढदिवसाला आत्याने मला एक नवे पातेले दिले, माझ्या होणाऱ्या घरासाठी. ती सगळी माझ्या खोलीत पलंगाखाली आहेत. एकही चुलीवर चढलेले नाही. मी एकटी असते आणि एका तव्यात सगळे करते. ही पातेली झाकणांसह, एकात एक न घालता, एकेक करून, अंत्यविधीला जमलेल्या मंडळींच्या देखत आत्याला परत द्यावीत. घाई करू नये.

कलम चौथे : हेस्बोन दाजी. दाजींना माझ्या हृदयाच्या तपासणीचा अहवाल, मूळ प्रत. बायको घेताना माणसाने वस्तू पाहून घ्यावी. बैल आणला असेल तर तो त्यांनी परत न्यावा. बैलाचा यात काही दोष नाही.

कलम पाचवे : अडोयो. माझी बँकेतली बचत अडोयोच्या एकटीच्या नावावर जावी. माझ्या शहरातल्या खोलीचे वर्षभराचे भाडे मी भरून ठेवले आहे. खोलीची किल्ली तिला द्यावी, आणि ती देताना दाजी जवळ नसावेत. अडोयो, त्या दिवशी तुझे बोलणे मला झोंबले. घरी आल्यावर मात्र वाटले, त्या ओट्यावर "मला कुणी विचारलं का" असे विचारणारी तू एकटीच होतीस. मी पदवी घेऊनही ते विचारले नव्हते. खोलीत पलंग आहे, कडी आतून लागते. पातेली आत्याने नेली तर दुकानातून एक घे. एक पुरते.

कलम सहावे : शाळा. माझी पुस्तके आणि नकाशे शाळेला. दरवर्षी मी मुलींना सांगत आले की शिक्षण सगळी फाटके उघडते. हे वाक्य मी मागे घेत नाही, पण त्याला जोड देते. फाटके उघडतात. आतले लोक तसेच बसलेले असतात.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी कोणत्याच कलमात बसत नाही.

माझी सगळी विशी आत शिरण्याच्या खटपटीत गेली. पहिल्या पगारातून मी बाबांच्या फाटकाला निळा रंग दिला. नंतर छपराचे पत्रे बदलले. आत्याने आणलेल्या दोन पुरुषांसमोर नवे कपडे घालून बसले. एकाने पदवीचा कागद पाहिला, दुसऱ्याने डॉक्टरचा, आणि दोघे उगाली खाऊन गेले. प्रत्येक वेळी मला वाटे, आता तरी मी या अंगणाची होईन. तीस पूर्ण होण्याची मला भीती होती, कारण आत्या म्हणायची की तिशीनंतर मुलीसाठी फक्त भगदाड उरते.

वाढदिवसाच्या दुपारी मी त्या निळ्या फाटकातून बाहेर पडले, नळाशी गेले आणि केकची सुरी धुऊ लागले. रडायला येईल म्हणून मी वाट पाहिली. आले नाही. साबिनाच्या थडग्यावरच्या दगडांवर पाली ऊन खात होत्या. कुंपणाच्या आत माझ्या प्रेताची वाटणी चालली होती आणि मला, खरे सांगते, तिथे बरे वाटत होते. ज्या जागेची मी जन्मभर भीती बाळगली, तीच माझी पहिली जागा होती. मला कोणी तिथे टाकणार नव्हते. मी तिथलीच होते. मला नवरा नको आहे, हे मी त्या सुरीला धार लागेल इतका वेळ पाण्याखाली धरून स्वतःशी म्हणाले. नको आहे. कधीच नको होता. मला फक्त आई फाटकापर्यंत यायला हवी होती.

म्हणून कलम सातवे : आई. किल्ली तुझ्याकडे आहे, पण पाण्याला दुसऱ्या कोणाला पाठवायचे नाही. पिवळा कॅन घेऊन तू स्वतः यायचे, रोज. ही अट क्रूर आहे. तुझे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. रडायची गरज नाही. कॅन भरेपर्यंत उभी राहा, तेवढे पुरे. नळाची धार मी बारीक ठेवली आहे.

कलम आठवे : माझ्या थडग्यावर सिमेंटमध्ये एवढेच लिहावे. "अविती. इथूनच उचलली होती."

कलम नववे : मी सोमवारनंतर उठले, तर हे मृत्युपत्र रद्द होणार नाही. आत्याला ते मोठ्याने वाचून दाखवले जाईल. मी समोर बसेन.

या मृत्युपत्राची व्यवस्था माझी सहकारी नेरेआ अटिगा पाहील. तिला मी काहीही ठेवलेले नाही, म्हणजे कोणी तिच्यावर संशय घेणार नाही.

सही करण्यापूर्वी हा सगळा मजकूर मी आज सकाळी आईला वाचून दाखवला. तिला वाचता येत नाही, आणि आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते तिला आधीच कळावे असे मला वाटले. ती शेवटपर्यंत ऐकत होती. आत्याच्या पातेल्यांपाशी तिच्या ओठांचा कोपरा हलला, अडोयोच्या कडीपाशी तिने डोळे मिटले, तिच्या स्वतःच्या कलमापाशी काहीच झाले नाही. माझे वाचून संपले. मी थांबले. मला वाटले, आता ती मला जवळ घेईल किंवा शिव्या देईल.

आई म्हणाली, "अंत्यविधीला एवढी माणसं येतील इथं. त्यांना पाणी लागेल. बारीक धारेनं कसं पुरायचं?"

एवढेच. आपल्या मुलीचे मरण तिने पाण्याच्या कॅनांत मोजले. मी कागद घडी करू लागले आणि मग माझ्या लक्षात आले की आम्ही दोघी नळाशी बसलो होतो, कुंपणाच्या बाहेर, आणि ती "इथं" म्हणाली होती. हेस्बोनकडे म्हणाली नव्हती.

त्यावरून कलम दहावे आणि शेवटचे : अंत्यविधीच्या दिवसांत नळ पूर्ण उघडा ठेवावा. नंतर धार पुन्हा बारीक करावी.

ठिकाण : न्याकोंगो, फाटकासमोर, कुंपणाबाहेर.
दिनांक : ९ मार्च २०१९, शनिवार.

(सही) रोझलिन अविती ओबुया

वरील सही आमच्या समोर, राजीखुशीने, शुद्धीवर असताना केली. यातले आम्हाला काही मिळणार नाही.

साक्षीदार १ : बार्नाबास ओंगोन्यो, वेल्डर. नळ यानेच बसवला.
साक्षीदार २ : सिप्रोझा अबुटो, शाळेची स्वयंपाकीण.

आईचा अंगठा घेतलेला नाही. ती तेव्हा कॅन भरत होती.