आईच्या खोलीतला बल्ब

बाबा, तुमच्यामागे रेडिओ दुरुस्तीचं दुकान मीच चालवतो. टावर चौकात आता रंगीत टीव्हींची मोठी दुकानं झाली आहेत, रेडिओ घेऊन फारसं कुणी येत नाही. तरी सकाळी शटर उचलतो, संध्याकाळी पाडतो. उगाच थकायला होतं.

तुम्ही एकदा वरच्या खोलीतल्या लहान बल्बला रेडिओ जोडला होता. समोरच्या भिंतीवर उजेड टिपणारा फोटोसेल आणि त्याला इअरफोन. उजेडातून गाणं येतंय हे आईला पटेना. तिनं मध्ये हात धरला, गाणं थांबलं. हात काढला, पुन्हा सुरू झालं. अजून दिसतं, ती लहान मुलीसारखी हसते आहे आणि तुम्ही मला म्हणता आहात, "बघतोस काय, तार नीट धर."

हल्ली आईला चक्कर येते. दोनदा पडली. खाली दुकानात बसून मला वरचं कळत नाही, म्हणून परवा तिला न सांगता तसाच फोटोसेल तिच्या पलंगासमोर बसवला. खोली अंधारी, बल्ब दिवसभर जळतोच. ती उठली की उजेड अडेल आणि माझ्या टेबलावर घंटी वाजेल. तार ओढताना शेजारचा कापडवाला हसला, "क्यों भैया, माताजी पे पहरा?"

दिवेलागणीला घंटी वाजली ती थांबेचना. गिऱ्हाइकाचा टीव्ही उघडा टाकून धावलो. बल्ब बंद होता आणि आई देवापाशी निरांजन लावत होती. मग भिंत धरत बटणापाशी गेली, बल्ब लावला आणि त्याला हात जोडले.

"जळता दिवा कसा लावू? म्हणून आधी बंद केला," ती म्हणाली. "तुला धाप का लागलीय?"

सगळं सांगावं लागलं.

"म्हणजे मी मोरीत गेले तरी खाली घंटी? काढ ते."

"आणि पडलीस तर?"

"हाक मारीन. गळा आहे मला अजून."

काढलं. आज दिवसभर कान छताकडेच होते. दुपारी मागे वळलो तर आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला. कितीतरी महिन्यांनी खाली उतरली होती. कापडवाला ओरडला, "वा, माताजी!" ती लाजली. मीही हसलो.

हे तिला सांगता येत नाही आणि तुम्हाला पाठवता येत नाही. बाबा, मला आनंद झाला नव्हता. ती आता परत वर कशी चढेल, एवढंच मनात होतं.