पवित्रनच्या नावाच्या साडेतीनशे पत्रिका

कुट्ट्याडी,
ता. ११ जून २०२३

चि. पवित्रन यास एच्चीचे अ. उ. आ. वि. वि.

आज पुन्हा सात आल्या. काल अकरा होत्या. लोक दुकानात येतात, चहा पितात आणि उठताना पत्रिका साखरेच्या डब्याखाली सरकवून जातात. तोंडाने कुणी काही बोलत नाही. मी बंबाकडे वळले की डब्याखाली आणखी एक. पोरीच्या, शिल्नाच्या, शिक्षणाला पैसे उभे करायला पयट्टू ठेवला, साडेतीनशे पत्रिका छापल्या, घरोघरी वाटल्या, आणि आता त्या चिकट होऊन परत येतायत.

शेवटी मी मोइदुक्कांना धरलं. आधी ते पावसाचं बोलले, मग सुपारीच्या भावाचं. मी म्हटलं, इक्का, पत्रिकेत काय खोट आहे ते सांगा, नाहीतर उद्यापासून तुम्हाला बिनसाखरेचा चहा. तेव्हा म्हणाले की पत्रिकेत खोट नाही, खालच्या नावात आहे. खाली नाव तुझं आहे. पयट्टूला घरातल्या पुरुषाचं नाव लागतं, आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, म्हणून भावाचं घातलं. दुबईकडचा भाऊ, नावाला वजन येईल असं मला वाटलं. आलं वजन! तू आखातात जायला निघालास तेव्हा याच लोकांनी तुझ्या पयट्टूला चहा पिऊन पैशांचे लिफाफे ठेवले होते. ज्याचा लिफाफा घेतला त्याची पाळी आली की वर काही घालून परत ठेवायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू तीन वर्षं एकाचाही ठेवला नाहीस म्हणे.

मला हे गावात सगळ्यांत शेवटी कळलं. बावीस वर्षं मी प्रत्येक पयट्टूचा चहा केला, पण मी मागे चुलीशी. पुढे टेबलावर कोण ठेवतो, कोण नुसताच चहा पिऊन जातो, ते मला दिसत नाही. कुणी किती ठेवलं त्याची वही लिहिणारे नाणू माश तोंड उघडत नाहीत, तशी रीतच आहे. आणि तुला विचारलं की तू म्हणायचास, माझं मी मित्राच्या हातून पाठवतो, एच्ची, तू लक्ष घालू नकोस. नाही घातलं.

आता ऐक. शिल्नाला आयर्लंडच्या विद्यापीठात जागा मिळाली आहे, समुद्रातल्या शेवाळावर शिकायला. आपल्याकडे किनाऱ्यावर शेवाळ फुकट कुजतं, त्यासाठी आयर्लंड कशाला, असं मी तिला रोज विचारते आणि ती रोज हसते. बँक कर्ज देते, पण आधी घरचे सहा लाख भरा म्हणते. २० जुलै शेवटची तारीख. पयट्टू ९ जुलैला, रविवारी. तो जमला तर पोर जाईल, नाही जमला तर नाही. दुसरी वाट मला दिसत नाही.

फोन तू उचलत नाहीस, निळ्या खुणा मात्र दिसतात. म्हणून हे पत्र तिकडे परत निघालेल्या मोइदुक्कांच्या पोराबरोबर, रशीदबरोबर, देते आहे. तू वाचेपर्यंत त्याला समोरून हलू नकोस असं सांगितलंय. सोबत केळ्याचे वेफर्स आहेत. ते रागाच्या आधी तळले होते.

तुझ्यावरचा लोभ अजून आहे, पण त्यात पाणी घालायची वेळ आणू नकोस.

तुझी थोरली बहीण,
वनजा

*

शारजा,
ता. १८ जून २०२३

ती. एच्चीस पवित्रनचा सा. न. वि. वि.

पत्र पोचले. रशीद खरंच दारात उभा राहिला. मी दुसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा त्याने अर्धे वेफर्स संपवले.

एच्ची, तुझे सगळे म्हणणे बरोबर आहे. दोनतीन वर्षांत काही जणांचे राहून गेले. कंपनीत पगार मागेपुढे होतो, तू समजून घेशील. माझे ऐक, हा पयट्टू पुढे ढकल. ओणमनंतर कर. तोपर्यंत माझी थकलेली रक्कम येईल, मी सगळ्यांचे एकदम चुकते करीन. किंवा माझे नाव काढून नाणू माशांचे घाल, ते नाही म्हणणार नाहीत. विद्यापीठाला मुदत वाढवून मागता येते का ते शिल्नाला बघू दे. हुशार पोरगी आहे, एक वर्ष थांबली तर काही बिघडत नाही.

तू पुढे होऊन लोकांशी भांडू नकोस. गावात मला तोंड दाखवायचे आहे.

रशीद इकडचे काहीबाही सांगेल, त्याच्यावर फार विश्वास ठेवू नकोस. त्याला वाढवून सांगायची सवय आहे. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होते. तुझे गुडघे कसे आहेत? दुकानात बसायला स्टूल घे.

शिल्नाला सांग, मामाला तिचा अभिमान आहे. एच्चीने माया राखावी, एवढेच मागणे.

तुझा,
पवित्रन

*

कुट्ट्याडी,
ता. २५ जून २०२३

चि. पवित्रन यास अ. आ. वि. वि.

रशीदने काही वाढवून सांगितलं नाही. त्याने बापाला फोन केला आणि तो फोनवर रडला, एवढंच. मग मोइदुक्का दुकान बंद व्हायच्या वेळी आले आणि बाकावर बसून मला सांगितलं. तुझी कंपनी तीन वर्षांपूर्वीच बंद पडली. तू कुठल्याशा इमारतीच्या तळघरात लोकांच्या गाड्या धुतोस. एका खोलीत नऊ जण. थकलेली रक्कम कसली येतेय, डोंबल!

गाड्या धुण्यात लाज कसली रे? मी रोज सहाशे पेले धुते. मी तुला कधी म्हटलं का, की शारजात साहेबच हो? गाडी धुणारा भाऊ मला चालला असता. खोटं बोलणारा चालत नाही. तीन ओणमला साडी पाठवलीस. त्या साड्या कुणाच्या पोटाला चिमटा काढून आल्या ते आता कळलं. एक नेसले होते, ती काल धुऊन घडी करून ठेवली. टाकली नाही, घाबरू नकोस.

पयट्टू पुढे ढकलायचा नाही. आयर्लंडवाले काही माझे जावई नाहीत माझ्यासाठी थांबायला. आणि नाणू माशांचं नाव का घालू? मी पेन घेऊन बसले आणि उरलेल्या सगळ्या पत्रिकांवर तुझं नाव खोडून माझं लिहिलं. परत आलेल्यांवरही. शिल्ना म्हणाली नवीन छापू, हे फार वाईट दिसतं. दिसू दे. चौथीपर्यंत शिकलेली बाई लिहिते तसंच अक्षर येणार. छपाईला पुन्हा पैसे कोण देणार?

मग त्याच घरांमध्ये पुन्हा गेले. काही जण हसले. नाणू माश म्हणाले की आपल्या वॉर्डात बाईच्या नावाची पत्रिका आजवर निघालेली नाही, आणि बाईने कधी ठेवलेलं नसतं, मग तिला कुणी का ठेवावं? मी म्हटलं, ह्यांनी माडावर चढून चढून वीस वर्षं सगळ्यांना ठेवलं, ते काय माकडाने ठेवलं? त्या घराची मी बाई आहे. तेव्हा माश वही लिहायला येतो म्हणाले. माणूस वाईट नाही, जुना आहे.

पण एक गोष्ट मला पुरी करायची आहे. तुझे कोण कोण राहिलेत त्यांची नावं मला पाठव. सगळी. माश सांगणार नाहीत आणि मला अर्धवट काही करायला आवडत नाही. ५ जुलैच्या आत यादी हवी.

शिल्ना हल्ली बी.एड. करते म्हणायला लागलीय. इथेच शाळेत शिकवीन, मामाला त्रास नको, आईला त्रास नको. मी तिला म्हटलं, त्रास आता झालाच आहे, वाया घालवू नकोस.

अंगात ताप असेल तर गाड्या धुऊ नकोस. एवढी माया पुरे आत्ता.

वनजा

*

शारजा,
ता. २ जुलै २०२३

ती. एच्चीस सा. न. वि. वि.

यादी सोबतच्या कागदावर आहे. एकतीस नावे. वही माझ्याकडे नाही, पण एकही नाव आठवायला लागले नाही.

माझ्या पयट्टूच्या दिवशी पाऊस होता, तुला आठवते? चार वाजून गेले तरी टेबल रिकामे. पहिला लिफाफा ठेवायला कुणी पुढे होईना. मोइदुक्का उठले आणि म्हणाले की भजी गार होतायत, मी सुरुवात करतो. त्यांचा पहिला. तोही मी परत ठेवला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घराच्या छपरासाठी पयट्टू होता, त्याची पत्रिका मला फोनवर आली. मी फोन पालथा करून ठेवला. एकदा पालथा ठेवला की पुढच्या वेळी सोपे जाते. कंपनी बंद झाली तेव्हाच मी परत यायला हवे होते. पण रिकाम्या हाताने आलो तर पहिल्याच आठवड्यात कुणाची तरी पत्रिका हातात पडेल, या भीतीने राहिलो. अजून त्याच भीतीने राहतो आहे.

तुझी एक साडी निळी होती ना, ती मी उधार नाही घेतली. ती नेस.

एकच विनंती. गाड्यांचे कुणाला सांगू नकोस. रशीद आणि त्याचे वडील बोलणार नाहीत. कंपनीत पगार थकलाय एवढेच म्हण. बाकी तू करशील ते खरे.

शिल्नाला जाऊ दे. मी एक वर्ष थांब म्हणालो ते माझ्या सोयीसाठी म्हणालो होतो.

तुझ्या रागाचाही मला आधार आहे. तो तरी तोडू नकोस.

पवित्रन

*

कुट्ट्याडी,
ता. १० जुलै २०२३

चि. पवित्रन यास एच्चीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सांगू नकोस म्हणालास, मी सांगितलं. आता शिव्या देऊन मोकळा हो आणि पुढे वाच.

काल दुकानात भजी तळली, गूळ-खोबऱ्याचे पोहे केले, दारात केळीचा घड लावला. चहाला शिल्ना उभी राहिली आणि मी जन्मात पहिल्यांदा पुढच्या टेबलाशी बसले. शिल्नाचा चहा पाणचट होतो, पण काल कुणी बोललं नाही. साडेतीनला बाक भरले. बायका आल्या! आपल्या बचत गटातल्या सगळ्या, पुढच्या दाराने. माश सवयीने त्यांच्या नवऱ्यांची नावं लिहायला लागले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. जिने ठेवलं तिचं लिहा म्हटलं.

पण पुरुष बसून राहिले. पेला फिरवत. तुझ्या वेळेसारखंच, टेबलावर बायकांचे लिफाफे, बाकी रिकामं. तेव्हा मी उठले. तुझा कागद काढला आणि एकतीस नावं मोठ्याने वाचली. मला वाचायला वेळ लागतो, दोन ठिकाणी अडखळले, कुणी हसलं नाही. मग म्हटलं की पवित्रनची नोकरी गेली, तो तीन वर्षं लोकांच्या गाड्या धुतो, आणि लाजेने खोटं बोलला. त्याच्याकडे ज्यांचे राहिलेत त्यांनी आधी या टेबलावरून आपले उचलावेत, वर दीडपट. शिल्नासाठी ठेवायचं की नाही ते नंतर बघा. नाही ठेवलंत तरी चहा पिऊन जा, केलेला आहे.

शिल्नाच्या हातातला पेला फुटला. तिला आधी सांगितलं नव्हतं.

तिघे उठले आणि मोजून घेऊन गेले. नावं विचारू नकोस. उद्याही त्यांना मलाच चहा द्यायचाय. त्यांचंही काही चुकलं नाही, त्यांचेच होते. मोइदुक्का भज्यांकडे बघत होते. मग शिल्नाला म्हणाले की पोरी, आणखी एक चहा दे, या वेळी जरा पत्ती घाल. आणि उठून लिफाफा ठेवला. त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, शिल्ना. त्यांच्यामागे बाकीचे सत्तावीस आले. आणि मग सगळे.

संध्याकाळी माशांनी वही मिटली. दोनशे एक्केचाळीस लिफाफे. बारा हजार कमी पडत होते. ते गल्ल्यातले घातले आणि दूधवाल्याला ओणमपर्यंत थांब म्हटलं. आज सकाळी शिल्ना बँकेत जाऊन भरून आली. पावती देवाजवळ ठेवलीय. ती पोर कालपासून माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी आली आणि भांडी घासायला बसली. मी म्हटलं, तिकडेही घासावी लागतील, सवय ठेव. मग रडली. मग हसली.

आता तुझं. दोनशे एक्केचाळीस घरी परत ठेवायला जायचंय, चारपाच वर्षं, ज्याची पाळी येईल तशी. पैसे दुकानातून निघतील, पुढे शिल्नाही पाठवील. पण लिफाफा घेऊन जायला माणूस लागतो. पयट्टूला पोस्टाने ठेवत नाहीत, समोर बसून चहा प्यावा लागतो. शिल्ना सप्टेंबरात जाणार. माझे गुडघे घाट चढत नाहीत आणि बंब सोडून मला हलता येत नाही. मला दोन पाय हवेत. तुझे आहेत, आणि तिकडे ते पाण्यात भिजवत बसला आहेस.

पहिली पाळी २० ऑगस्टला, मोइदुक्कांचीच. त्यांची नात जॉर्जियाला डॉक्टरकी शिकायला निघाली आहे. तो लिफाफा तू न्यायचास. गाड्यांचं सगळ्यांना माहीत झालंय, म्हणजे लपवायला आता तुझ्याकडे काही उरलेलं नाही. ते बरंच झालं. सकाळी साडेचारला बंब पेटवायलाही माणूस हवाय. तेवढ्या पहाटे उठायची तुला सवय आहेच. निळी साडी मी काल नेसले होते.

पुढच्या सोमवारी कर्किडकम लागतो. त्या महिन्यात आपल्याकडे कुणी नवीन काही सुरू करत नाही, म्हणून आधी ठरव. रविवारी, १६ तारखेला, संध्याकाळी सहाला मी फोन करीन. पालथा ठेवू नकोस. उचलायचास आणि कुठल्या विमानाने येतोस ते सांगायचंस.

एच्ची