हॉटेलातला दुसरा मुलगा

अँटवर्प, मंगळवार

प्रिय आई, एकशेवीस वर्षं जग.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

लग्नं जुळवणाऱ्या पेर्लमावशींनी सुचवलेल्या मुलाला काल भेटायचं होतं. रागावू नकोस, पण मी भेटले भलत्यालाच! हॉटेलात काळा कोट, काळी हॅट घातलेले दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसले होते. मी त्यातल्या लाजऱ्या दिसणाऱ्यासमोर जाऊन बसले. नावं मावशींनी आधीच कळवलेली, म्हणून कुणी विचारलीच नाहीत. खूप हसलो गं. मग तो म्हणाला, "तुमच्या बाबांची बेकरी कशी चाललीय?"

"बेकरी? ते घड्याळं दुरुस्त करतात!"

वळून बघतो तर त्याच्यासाठी सुचवलेली मुलगी माझ्यासाठी सुचवलेल्या मुलासमोर जांभया देत बसलेली.

धाकटी ब्लुमा माझ्यामुळे खोळंबलीय, तुला झोप नाही, सगळं कळतं मला. पण तूच सांगतेस ना, मूल पोटात यायच्या चाळीस दिवस आधी आकाशातून त्याच्या जोडीदाराचं नाव पुकारतात? तेव्हा पेर्लमावशींना कुणी विचारलं नसणार. त्या लाजऱ्याचं नाव अँशेल. त्याची चौकशी करशील?

निघताना त्यानं माझं खरं नाव विचारलं आणि हळूच दोनदा म्हणून पाहिलं.

तुझी,
झिसेल