चाकाखालचं लिंबू

सिंगापूर, १३ सप्टेंबर २०२५

ती. प्रबोधदादास, ऋताचा सा. न.

आईला फोनवर ऐकू येत नाही, तिला वाचून दाखव म्हणून पत्रच लिहिते. विमान झालं रे दादा! आठ वर्षं इथल्या आंग मो किओ भागातल्या फ्लॅटमध्ये पंखांच्या फासळ्या ओलांडत आम्ही जेवायला बसायचो. आता ते कॉजवेच्या पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरला भाड्याच्या शेडमध्ये उभं आहे.

पण विमावाले अडून बसलेत. विमान घरी बांधलेलं, तिसरं चाक शेपटाखाली. असलं विमान जमिनीवर भारी नाठाळ, आणि अश्विनचे नि माझे उड्डाणाचे तास अगदीच थोडे. त्यामुळे सध्या विमा फक्त उभ्या विमानाचा. इंजिन सुरू केलं की संपलं. शिक्षकाबरोबर तास पुरे झाले की पुढचं बघू म्हणतात. अश्विन म्हणतो थांबू, मला मेलीला धीर नाही. हे गेलं तर दुसरं बांधायची ताकद आमच्यात उरलेली नाही.

आईला नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ऋता


पुणे, २० सप्टेंबर

चि. ऋतास, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चष्म्यापायी हवाई दलाने मला दारातूनच परत पाठवलं, आणि शेजाऱ्यांच्या कुंपणात सायकल घालणारी तू वैमानिक! धन्य आहे.

दसऱ्याला पूजा झालीच पाहिजे, आईची फार इच्छा आहे. चाकाखाली लिंबं ठेवा. आणि विमान ढकलू नका हं, ते काय भाजीची हातगाडी आहे? इंजिन सुरू करून त्याच्या जोरावर लिंबू चिरडायचं. चार पावलांनी विमावाल्यांचं काय जातंय? व्हिडिओ कॉल लाव, आईला दाखवतो. भीती वाटत असेल तर राहू दे, आम्हाला सवय आहे.

अश्विनरावांना नमस्कार. माझी माया गृहीत धर.

प्रबोध


सिंगापूर, ५ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न.

उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर समजून घे.

तू पाहिलंसच. अश्विन नको नको म्हणत होता, मीच हट्टाने बसले. चाक लिंबाला अडलं, मी इंजिनाला जोर दिला. लिंबू फुटलं, विमान उसळलं आणि घाबरून मी दोन्ही ब्रेक दाबले. शेपूट वर, नाक जमिनीत. प्रोपेलर मोडला, इंजिन पिळवटलं. अश्विन माझ्याशी बोलत नाही. निशिगंधा तेवढी इथल्या बोलीत म्हणते, मम्मी, व्हाय सो स्टबर्न, लाह.

आम्ही विमावाल्यांना सांगितलंय की इंजिन बंद होतं, शेपूट उचलून ढकलताना हातातून निसटलं. दादा, तू रेकॉर्ड केलेला व्हिडिओ पुसून टाक. हात जोडते रे.

आता सगळं तुझ्यावर आहे.

ऋता


पुणे, १२ ऑक्टोबर

चि. ऋतास, आशीर्वाद.

अक्षर फारच बिघडलंय तुझं.

पूजेला कोण हजर होतं म्हणून विचारल्यावर अश्विनरावांनी माझं नाव दिलेलं दिसतंय. विमावाल्यांची ई-मेल आली, मी व्हिडिओ पाठवून दिला. आपल्या घरात खोटं चालत नाही, बाबांनी हेच शिकवलं. इंजिनाचा आवाज काय झकास आलाय! आई रोज चहाबरोबर बघते. नाक टेकतं तिथे मी थांबवून दाखवतो. हसून हसून आमची पुरेवाट होते.

भाऊबीजेला ये. प्रवासी विमानाने ये, ते दुसरं कुणीतरी चालवतं. ओवाळणी काय हवी ते कळव.

प्रबोध


सिंगापूर, १९ ऑक्टोबर

प्रबोध,

विमावाल्यांचा नकार आला. विमान भंगारात गेलं. अश्विन हॉलमध्ये झोपतो, फासळ्या ठेवायचो त्याच जागी गादी टाकून.

काल स्मितावहिनींचा फोन आला होता. आईने इंजिनाचं कधी काही म्हटलंच नव्हतं, तिला एवढंच हवं होतं की पूजा व्हावी. आणि व्हिडिओत तिला दिसतं काय? तिचे दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. हसतोस तू एकटाच. ती शेजारी बसून रोज एकच विचारते, ऋता आत होती का, तिला फार लागलं का? वहिनी म्हणाल्या, त्यावर तू व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावतोस.

तिला सांग, मनगट बरं होतंय. हे पत्र आईला वाचून दाखवायला वहिनींना दे, तू वाचू नकोस, तू गाळशील.

भाऊबीजेला मी येत नाही. तुझी ओवाळणी पोचली.

ऋता