बंद दारावरची नोटीस

आमच्या दाराला कुलूप होतं, तेवढ्यात हायकोर्टानं माझ्या नातीवर अत्याचार करणाऱ्याची जन्मठेप दहा वर्षांवर आणली. ही तक्रार आधी, मृत्युपत्र मागून.

मी साखराबाई आश्रुबा देवकते, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. शाळा दुसरीपर्यंत. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरनं तसा दाखला दिलाय, तारीख चुकली होती ती मीच दाखवली. कुणाच्या धाकानं लिहीत नाही. धाक घालणारे दमून घरी गेले.

१. कोर्टाच्या कागदात नातीला 'पीडिता' म्हणतात. कायदा आहे, बरोबर आहे. हा कागद माझा आहे. तिचं नाव अंजू, माझ्या लेकाची, नाथाची मुलगी.

२. बीडच्या कोर्टात अंजू स्वतः बोलली, म्हणून गावातल्याच आप्पारावाच्या पोराला जन्मठेप झाली. तो अपिलात औरंगाबादला गेला. पौषात आमच्या दारावर नोटीस चिकटवली. आम्ही सगळे मेंढरांमागं, ज्येष्ठात परतलो. शेजारच्या बायनाबाईला विचारलं, "फोन कावून न्हाई केलास?" म्हणे, "मला वाटलं, घरकुलाचा कागद हाय." तिकडं त्यांचा वकील बोलला, मुलीचं लग्न झालं, संसार सुखाचा आहे, पोरगा वयानं लहान, पहिलाच गुन्हा. गुन्हा कायम राहिला, शिक्षा उतरली. सरकारी वकील होते. पण अंजूचं लग्नच झालेलं नाही हे त्यांना सांगणार कोण, कुलूप?

३. सुप्रीम कोर्टात अंजूचं अपील आहे. निकालापर्यंत घराला कुलूप लागायचं नाही. तीन हंगाम मी एकटी मागं राहिले. दाराकडं तोंड करून जेवते. कुत्रंसुद्धा मेंढरांबरोबर गेलंय. बोलायला भिंत आहे, ती उलटून बोलत नाही एवढं बरं.

४. दोन खोल्यांचं घर अंजूला. ती बीडला नर्सिंग शिकते. शिक्षण मोडून तिला इथं बसवायचं नाही.

५. सगळी मेंढरं सुनेला, सुकन्याला. ती नवऱ्यापेक्षा बरी हाकते.

६. नाथाला माझी दारातली जागा. तो म्हणाला होता, "आई, मिटव आता, पोरीचं लगीन व्हायचंय." आता बस बाबा. किती लांब असतो एकेक दिवस, कळंल.

७. लोकरीची कातर बायनाबाईला द्यायची नाही. घोंगडं द्यावं, तिचं फाटलंय.

८. माझ्या मयतीला आप्पारावाकडचं कुणी आलं तर पाणी द्यावं. त्यांनी पुढं केलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये.

आधीचं मृत्युपत्र केलेलं नाही. हे दोनदा वाचून सही केली, अंगठा नाही.

सही: साखराबाई आश्रुबा देवकते

साक्षीदार:
१. वनमाला राधाकिशन शिंगाडे
२. हनुमान सोमनाथ गावडे

तलवाडा, १४ डिसेंबर २०२५

खाली जागा उरली म्हणून लिहिते. दिल्लीची नोटीस आली की नाथानं ती घ्यायची आणि त्याच दिवशी अंजूला कळवायचं. पण मुलीकडचं म्हणणं काय असं कोर्टानं विचारलं, तर नाथानं गप बसायचं. अंजूनं बोलायचं.