करकंबला गेलेल्या वाकळा

अंगुस्तान तू अक्कालाच दिलंस. तू गेलीस, मागनं अक्काही गेली, तरी शिवताना बोटात घालायचं ते पितळी अंगुस्तान अजून मला टोचतंय. आये, मी तुझी धाकटी. दोन यत्तांच्या शिदोरीवर हे लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नको, टाक्याला ठेवलीस तेवढी बास.

अजून डोळ्यांपुढं दिसतंय, गिरणीच्या चिंध्या मधे ओतलेल्या, आमी दोघी बहिणी चुलीपाशी बसून वाकळा शिवतोय. माझ्या वाकळा चाळीतल्या बाया घ्यायच्या, अक्कानं शिवलेल्या बाबा लांब करकंबच्या बाजाराला न्यायचे. चाळीतली एखादी उसवलेली वाकळ काखेत मारून दारात यायची, की तू सगळ्यांदेखत म्हणायचीस, "धाकटीच्या दोन टाक्यांमधनं म्हैस जाईल. थोरलीची एक तरी परत आलीय का, बघा की." अक्का मान खाली घालून हसायची. त्या हसण्यानं अजून अंगाची आग होते.

आता माझी नात कॉलेजात जायला लागली, स्टॅटिस्टिक्स शिकते. परवा सांगत होती, दोन कारखान्यांनी बनवलेले दिवे जळत ठेवायचे आणि कुठले जास्त टिकतात ते ताडून बघायचं. मी म्हटलं, त्यात काय, कुणाचे जास्त गेले ते मोज. तर म्हणाली, "तसं नाही आजी. तपासणी थांबते तेव्हा काही जळतच असतात, काही मधेच कुणी काढून नेलेले असतात. गेले तेवढेच धरले तर निकाल चुकतो." माझ्या हातातली वात वळायची राहिली. फाटकी वाकळ घेऊन करकंबहून सोलापूरला कोण येतंय, आये? तू दारात आलेल्या तेवढ्याच धरल्यास.

मग तिला सगळं सांगून विचारलं, माझ्या चांगल्या का अक्काच्या? म्हणाली, "आता नाही सांगता येत. तिकडच्यांचं काय झालं, कुणाला ठाऊक?" एवढं शिकून हेच. मला बरोबरी नको होती, अंगुस्तान पायजे होतं.

अक्कानं माझ्या लग्नात दिलेली वाकळ मी अजून पांघरते. दर हिवाळ्यात काठ उलटून बघते, उसवत न्हाय मेली. नातीला ती दाखवलीच न्हाय.

हे पत्र पेटीत पडायचं न्हाय, वातींच्या डब्यात राहील. उत्तर तू देऊ नको, तू अक्काचीच बाजू घेशील. ती बसलीय की तुझ्याजवळ, तितंही माझ्याआधी पोचली. तिलाच बोलायला लाव, करकंबला एक तरी फाटली का न्हाय ते.